दोरी टांगलेली आहे, पण ओढत कोणी नाही

सई_चाकण (धागाकर्ती)

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करते. कंपनीचं नाव सांगत नाही, प्रतिसादांत कोणी ओळखायचा प्रयत्नही करू नये ही विनंती.

आमच्या असेंब्ली लाइनवर जपानी ग्राहकाच्या आग्रहावरून अँडनची दोरी बसवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लाइनच्या डोक्यावरून एक दोरी जाते. ऑपरेटरला काही चुकीचं दिसलं की त्याने ती ओढायची. वरच्या फलकावर त्याच्या स्टेशनचा पिवळा दिवा लागतो आणि लाइन लीडर धावत येतो. पार्ट त्या स्टेशनची हद्द ओलांडायच्या आत अडचण सुटली तर दिवा विझतो. नाही सुटली तर लाल दिवा लागतो आणि लाइन थांबते.

दोरी बसली, प्रशिक्षण झालं, मराठी-हिंदीत फलक लागले, नारळही फुटला. पण दोरी कोणी ओढत नाही.

परवा मी एका स्टेशनच्या मागेच उभी होते. विशीतला मुलगा, आयटीआय झालेला, हाताला चपळ. बोल्ट हवा तेवढा आवळला की टॉर्क रेंच (बोल्ट आवळायचा पाना) क्लिक होतो; चार बोल्टांपैकी तिसऱ्याला तो क्लिक झाला नाही. त्याने रेंच काढून पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्याने वर दोरीकडे पाहिलं, मग लीडरच्या टेबलाकडे पाहिलं. खिशातून लाल मार्कर काढला, त्या बोल्टावर ठिपका दिला आणि पार्ट पुढे सोडला. पुढच्या स्टेशनवरच्या मुलाने ठिपका बघितला, मान हलवली, स्वतःचं काम भरभर उरकून तो बोल्ट काढला आणि नवा बसवला. कोणी एक शब्द बोललं नाही. पार्ट चांगला गेला. नोंद मात्र कुठेच झाली नाही. त्या लॉटमधल्या बऱ्याच बोल्टांचे आटे खराब होते हे आम्हाला ग्राहकाची तक्रार आल्यावर समजलं.

मला छळणारी गोष्ट ही आहे. ही पोरं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत असं कोण म्हणेल? त्यांची भिशी चालते, एकाच्या घरी दुखणं निघालं तर बाकीचे पैसे उभे करतात, एकाची पाळी दुसरा करतो. तो लाल ठिपका हीसुद्धा विश्वासाचीच खूण आहे. पण हा सगळा विश्वास आडवा चालतो, वर चढत नाही. सोबतच्याला सांभाळून घ्यायचं, वरच्याच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही, आपल्यामुळे चारचौघांचं काम अडू द्यायचं नाही. हे घरातून, गावातून आलेले संस्कार आहेत आणि ते वाईट आहेत असं मला मनापासून म्हणवत नाही. मग दोरीचं काय करायचं? कारखान्यांत, दवाखान्यांत, कार्यालयांत काम केलेल्यांनी कृपया लिहा.

जुना_फिटर

सई, एकच विचारतो. दोरी ओढल्यावर लाइन थांबली तर ती मिनिटं कोणाच्या नावावर लागतात?

सई_चाकण

काका, शिफ्ट रिपोर्टमध्ये स्टेशन क्रमांक आणि ऑपरेटरचा टोकन नंबर असे दोन रकाने आहेत. शिवाय इन्सेंटिव्ह सगळ्या लाइनचा एकत्र निघतो.

जुना_फिटर

मग संस्कारांना कशाला बोल लावायचा? पोराने दोरी ओढली तर त्याचा नंबर कागदावर जातो आणि शेजारच्याच्या खिशातले पैसे कमी होतात. असं असताना ओढणारा शहाणा म्हणायचा का? आम्ही पिंपरीत असताना दोरी नव्हती, पण डाउनटाइमचा, म्हणजे मशीन किती वेळ बंद राहिलं याचा, कागद होता. त्या कागदावर आपलं मशीन येऊ नये म्हणून मंडळी बेअरिंगचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खंडेनवमीला त्याच मशीनला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून मनोभावे नमस्कार करायची. मशीनवर जीव होता, त्यात खोट नव्हती. भीती कागदाची होती.

अमोघ_आर

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. कागद बदलून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. जपानमध्ये मुलं शाळेत स्वतः वर्ग झाडतात, लहानपणापासून गटाची जबाबदारी अंगात मुरते. आपल्याकडे वरच्याला हो म्हणणं आणि खाली आपल्या पद्धतीने करणं हेच शिकवलं जातं. दोरी ही त्यांच्या मातीतली गोष्ट आहे, ती इथे रुजणार नाही. बंगळूरला सॉफ्टवेअरमध्येही हेच बघतो. तारीख पाळता येणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळे 'होईल' म्हणतात.

नागोयाकर

अमोघ, मी नागोयाजवळ एका पुरवठादार कंपनीत आहे. इकडे येण्याआधी मीही तुमच्यासारखंच म्हणायचो. शाळेतल्या सवयींचा वाटा आहेच, तो नाकारत नाही. पण कारखान्यातला विश्वास इथेही आयता मिळालेला नाही.

टोयोटाचंच बघा. युद्धानंतर १९४९ मध्ये सरकारने पैशाची टंचाई होईल असं कडक आर्थिक धोरण आणलं, गाड्या विकल्या गेल्या तरी वसुली होईना आणि कंपनी बुडायच्या बेताला आली. कामगार कमी करणार नाही असं व्यवस्थापनाने आधी सांगितलं होतं. १९५० मध्ये ते मोडलं. संप झाला, दीड हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्याची जबाबदारी घेऊन संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. व्यवस्थापन आणि कामगार संघटनेने परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला तो १९६२ मध्ये. मधली बारा वर्षं लागली. माझ्या वयाच्या जपानी सहकाऱ्यांना यातलं फारसं ठाऊक नसतं, पण कारखान्यातल्या जुन्या लोकांना नेमकं माहीत असतं.

लाइन थांबवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. साकिची टोयोडा यांच्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. १९२४ चा तो माग. यंत्राला थांबायची मुभा मिळाली, मग तीच मुभा माणसाला देण्यात आली.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण सईंना त्याचाच उपयोग होईल. आमच्या लाइनवर पिवळा दिवा सतत लागत असतो, लाल क्वचित. पोरगा दोरी ओढतो तेव्हा लीडर काही सेकंदांत तिथे असतो. पहिलं वाक्य 'काय दिसलं?' एवढंच. 'काय केलंस?' असं विचारायचं नाही, हे लीडरला नेमताना शिकवलेलं असतं. अडचण मिटल्यावर लीडर मान लववून आभार मानतो आणि जातो. ज्या दिवशी पिवळे दिवे कमी लागतात त्या दिवशी आमचे विभागप्रमुख अस्वस्थ होऊन लाइनवर येतात. सगळं इतकं सुरळीत कसं, हे विचारायला.

आणि जपानी माणूस म्हणजे दोरी ओढणारच असंही नाही. टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सू कंपनीत सुरक्षा चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं गैरप्रकार झाल्याचं २०२३ च्या डिसेंबरमध्ये चौकशी समितीने उघड केलं. ६४ मॉडेल, सर्वांत जुनी नोंद १९८९ ची. जपानमधले त्यांचे सगळे कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. समितीने मुख्य कारण सांगितलं ते असं की वेळापत्रक अतिशय आवळलेलं होतं आणि 'हे या वेळेत होणार नाही' असं वर सांगायची सोय राहिली नव्हती. तीच शाळा, तेच वर्ग झाडणं, तोच देश.

वैशाली_फ्रीमाँट

नागोयाकर, फार छान लिहिलंत. अमोघ यांच्या 'रुजणार नाही' या मुद्द्यावर मी राहते त्या गावाची गोष्ट सांगायलाच हवी.

फ्रीमाँटमध्ये आज जिथे टेस्लाचा कारखाना आहे तिथे आधी जनरल मोटर्सचा (जीएमचा) कारखाना होता. तो १९८२ मध्ये बंद झाला. अख्ख्या जीएममध्ये त्याची ख्याती वाईट. कोणत्याही दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर, आवारात दारू, तक्रारींचे ढीग, मुद्दाम गाड्या बिघडवण्याचे प्रकार. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएमने भागीदारीत तोच कारखाना 'नम्मी' या नावाने पुन्हा उघडला. टोयोटाने कामगार घेतले ते बहुतेक तेच जुने, संघटना तीच, पुढारीही तेच. या लोकांच्या तुकड्या जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या. वर्षा-दोन वर्षांत गैरहजेरी अगदी थोडी उरली आणि तिथली गाडी गुणवत्तेत जीएमच्या बाकी कारखान्यांच्या पुढे गेली.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात, त्यांनी दोन्ही काळ पाहिलेत. ते सांगतात, जुन्या दिवसांत लाइन थांबवणं म्हणजे नोकरी घालवणं. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढे जायची, नंतर मागच्या अंगणात उघडून दुरुस्त करायचे. नव्या दिवसांत पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. लीडर आला, मदत केली, ओरडला नाही. तरी त्यांना खरं वाटलं नाही. खरं वाटायला वेळ लागला आणि त्याचं कारण वेगळंच होतं.

ते कारण करारात होतं. कारखाना तगण्याचाच प्रश्न आल्याशिवाय कोणाला काढायचं नाही, आणि तशी वेळ आली तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कापायचे, बाहेर दिलेलं काम आत आणायचं, मग कामगारांकडे वळायचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या गाडीची विक्री खरोखर पडली. कारखाना निम्म्या-पाऊण क्षमतेवर आला आणि सगळ्यांचं लक्ष लागलं, आता काय होतं. कोणालाही काढलं नाही. रिकाम्या वेळेत लोकांना प्रशिक्षणाला आणि सुधारणांच्या कामाला लावलं. आजोबा म्हणतात, 'त्यानंतर आम्ही दोरीकडे बघणं सोडून दिलं, हात आपोआप जायचा.'

जीएमने हीच पद्धत लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात नेऊन बघितली. दोरी तीच, गट तसेच. पण तिथे कामगारांना ही माणसं कमी करायची युक्ती वाटली आणि अधिकाऱ्यांना लाइन थांबवायचा हक्क कामगाराच्या हातात द्यायचा नव्हता. १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. दोन्हीकडे माणसं कॅलिफोर्नियातलीच होती, अमोघ.

अमोघ_आर

हे वाचून विचारात पडलो. माती हा मुद्दा मी फार ताणला हे मान्य. पण एक शंका राहतेच. अमेरिकेतल्या कामगाराकडे निदान संघटना होती, करार होता. आपल्या पोरांकडे काय आहे?

अनघा_मनुष्यबळ

अमोघ, हाच खरा प्रश्न. मी पुणे परिसरात मनुष्यबळ विभागात काम केलंय. सईताई, तुमच्या लाइनवर कायम किती आणि ठेकेदाराचे, ट्रेनी किती, हे जरा सांगाल का? कारण ज्याचा गेटपास ठेकेदाराच्या हातात आहे, त्याला दोरी ओढायला सांगणं अन्यायाचं आहे. त्याला काढायला नोटीस लागत नाही. 'उद्यापासून येऊ नको' एवढं पुरतं.

मारुतीचं उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. गुडगावच्या कारखान्यातून १९८३ मध्ये पहिली गाडी निघाली तेव्हापासून साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये जेवायचे, एकच गणवेश घालायचे, सकाळी एकत्र व्यायाम करायचे. त्या काळच्या भारतात, जिथे साहेबांचं जेवणघर वेगळं, संडास वेगळा, तिथे ही फार मोठी गोष्ट होती आणि लोकांनी ती मनापासून स्वीकारली. पण पुढे मारुतीच्या मानेसरच्या कारखान्यात एकाच लाइनवर तेच काम करणारे कायम आणि कंत्राटी असे दोन वर्ग झाले आणि पगारात मोठी तफावत राहिली. असंतोषाचं ते एक मोठं कारण होतं. १८ जुलै २०१२ ला तिथे हिंसाचार झाला, एका मनुष्यबळ अधिकाऱ्याचा जीव गेला. त्या दिवशी जे झालं त्याचं समर्थन कोणी करू शकत नाही, माझ्या पेशातला माणूस गेला, मला ते आजही लागतं. पण एका पंगतीत जेवलं म्हणजे विश्वास तयार होतो, असं त्यानंतर मी कोणत्याही व्यवस्थापनाला सांगितलेलं नाही.

सई_चाकण

अनघाताई, निम्म्याहून जास्त ठेकेदाराचे. तो बोल्टवाला मुलगा ठेकेदाराचाच. पुढच्या स्टेशनवरचा कायम.

स्टुटगार्टहून_मंदार

जर्मनीतला अनुभव थोडक्यात. इथे सहकारी तोंडावर सांगतात, 'तुझं ड्रॉइंग चुकलंय', आणि लगेच सोबत जेवायला जातात. आपल्याकडून आलेली मुलं पहिले काही महिने दुखावली जातात. त्यांना वाटतं, आपल्यावरचा विश्वास उडाला. हळूहळू उमगतं की विश्वास असतो म्हणूनच सांगतात. पण या मोकळेपणाला कायद्याचा पाठिंबाही आहे हे विसरू नये. कंपनीत कामगारांनी निवडलेली परिषद असते, तिचं मत घेतल्याशिवाय माणूस काढता येत नाही. दोन हजारांहून जास्त माणसांच्या कंपन्यांत १९७६ च्या कायद्याने देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या आहेत. निर्भय बोलायला असं पाठबळ लागतं.

केळकर_विलेपार्ले

एवढ्या लांब कशाला जायचं? आपले डबेवाले बघा. १८९० पासून मुंबईत काम करताहेत. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसं, बहुतेक वारकरी, डोक्यावर टोपी. कोणी साहेब नाही, प्रत्येक जण भागीदार, गटाचा मुकादमसुद्धा डबे उचलतो. डब्यावरच्या खुणांवर काम चालतं. विश्वास आपल्या मातीतही आहे.

गिरणगावचा_नातू

केळकर, डबेवाल्यांबद्दल मलाही तेवढाच आदर आहे. पण गावच्या आणि नात्याच्या ओळखीवर उभा राहिलेला विश्वास बाहेरच्याला आत येऊ देत नाही, हेही बोललं पाहिजे. सईंच्या धाग्यात हा कोपरा राहून जायला नको.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. गिरणीत भरती जॉबर करायचा. तो आपल्या गावची, आपल्या जातीची, नात्यातली पोरं आणायचा. त्यामुळे खात्यातली माणसं एकमेकांना धरून असायची, संपात एकजुटीने उभी राहायची, खोलीवर एकत्र राहायची. ही ताकद खरी होती, तिच्या जोरावर गिरणगाव जगलं. पण विणकाम खात्यात, जिथे मजुरी चांगली मिळायची, तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेतच नसत. कारण काय, तर धोट्यातली (मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनातली) कांडी संपली की नवी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा. सवर्ण विणकरांना ते चालत नव्हतं. संपात खांद्याला खांदा, पण धोट्याला विटाळ. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खातं आमच्या माणसांना खुलं करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली.

माझे आजोबा बाहेर ठेवलेल्यांपैकी होते. आयुष्यभर त्यांनी सूतकताईच्या खात्यात कमी मजुरीवर काम केलं. त्यामुळे 'सांभाळून घेणं' हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कोणाला? सई, तुमच्या त्या मुलाचं आडनाव वेगळं असतं, तो बिहारचा असता, तर पुढच्या स्टेशनवरच्याने तो बोल्ट गुपचूप बदलला असता का? मी आरोप करत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

सई_चाकण

नातू, तुमचा प्रतिसाद वाचून मी आजची पाळी डोळे उघडे ठेवून बघितली. उत्तर सांगते. लाइनच्या शेवटच्या टोकाला झारखंड-ओडिशाची मुलं आहेत. त्यांच्याकडे आलेले लाल ठिपके बदलले जात नाहीत, परत मागे ढकलले जातात, कधी शिव्यांसकट. त्यांच्यात आपसात वेगळी खूण आहे, कोपऱ्यात पिवळी रेघ. म्हणजे एका लाइनवर दोन गुप्त वह्या चालू आहेत आणि कंपनीची वही कोरी आहे. मला हे दिसलं नव्हतं.

एक चांगली गोष्टही सांगते. मार्करच्या खुणांबद्दल मी कोणाचं नाव न घेता लीडरशी बोलले. तो म्हणाला, 'मॅडम, मला ठिपके माहीत आहेत. मी आलो की पोरं गप्प होतात, म्हणून मीच तिकडे जात नाही.' त्यालाही वरून मिनिटांचाच हिशेब मागतात. तो आणि पोरं एकाच कागदाला घाबरतात.

नागोयाकर

सई, मग लीडरपासून सुरुवात करा. त्याच्या कामाचं मोजमाप 'किती मिनिटं थांबली' यावरून काढून 'दिवा लागल्यावर किती सेकंदांत पोचला' यावर आणा. आमच्याकडे तेच मोजतात. आणि पहिले काही दिवस तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर लाइनवर उभ्या राहा. पहिली दोरी ओढणाऱ्याचं काय होतं, ते सगळी लाइन बघत असते.

जुना_फिटर

नागोयाकरांशी सहमत. आणि पहिली दोरी ठेकेदाराच्या पोराला ओढायला लावू नका. कायम माणसाने ओढावी, ज्येष्ठ असेल तर उत्तम. त्याच्या पोटाला धोका नाही. पोरं त्याच्या मागून येतील.

अनघा_मनुष्यबळ

सईताई, ठेकेदाराबरोबरच्या करारात एक ओळ घालून घ्या: दोरी ओढल्याच्या दिवसापासून ठरावीक मुदतीत त्या कामगाराला परत पाठवायचं असेल तर गुणवत्ता विभागाची लेखी संमती लागेल. ठेकेदार कुरकुरतात, पण खरेदी विभागाने लावून धरलं तर मान्य करतात. ती ओळ त्या मुलांच्या भाषेत छापून वाचून दाखवा. हिंदी सगळ्यांना नीट येतेच असं धरू नका.

सई_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. आज प्लांट हेडबरोबर बैठक झाली, ती जशी झाली तशी लिहिते.

टोकन नंबरचा रकाना शिफ्ट रिपोर्टमधून काढायला ते तयार झाले. पिवळ्या दिव्याची मिनिटं इन्सेंटिव्हच्या हिशेबातून वगळायलाही तयार झाले. लाल दिव्याच्या मिनिटांबाबत अजून नाही. त्यांचं म्हणणं, मग कोणीही कधीही लाइन थांबवेल. वैशालीताईंनी लिहिलेली व्हॅन नाइसची हकिगत मी त्यांना सांगितली, ते विचार करतो म्हणाले. लीडरचं मोजमाप पुढच्या महिन्यापासून बदलतंय. ठेकेदाराच्या करारातली ओळ खरेदी विभागाकडे गेली आहे, तिथे किती दिवस पडून राहते ते बघायचं. पहिली दोरी ओढायला आमचे सर्वांत जुने वेल्डर तयार आहेत, त्यांनी स्वतःहून विचारलं.

दोन वह्यांचा प्रश्न मात्र मी बैठकीत काढला नाही. काढला असता तर सगळी चर्चा 'बाहेरची मुलं' या विषयावर घसरली असती आणि फटका त्यांनाच बसला असता. त्यासाठी सोमवारपासून लाइनच्या शेवटच्या टोकाला एक झारखंडचा आणि एक साताऱ्याचा मुलगा शेजारी लावतेय. लीडरने जोडी निवडली आहे.

लाल दिव्याच्या नोंदीचा असा तक्ता कोणाकडे असेल, ज्यात माणसाऐवजी कारण लिहिलं जातं, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. प्लांट हेडना दाखवायला नमुना हवाय.

जुना_फिटर

आमच्या वेळचा हाताने आखलेला कागद आहे, थोडा पिवळा पडलाय पण वाचता येतो. फोटो काढून व्यनि केलाय. त्यात 'कोणी' हा रकाना आम्ही खोडला होता, तो खोडलेलाच दाखव.